आई शेतावर, दूध घरी

रोवणी लागली की परसवाड्याच्या आसपासच्या गावांत दिवसा धडधाकट बाई घरी सापडत नाही. पऱ्हे उपटणे, पेंड्या बांधणे, बांधीत रोप लावणे हे सारे काम बायकांच्या हातचे. पाऊस कोणासाठी थांबत नाही आणि वाढलेले पऱ्हे वाट पाहत नाही. म्हणून तीन-चार महिन्यांचे तान्हे बाळ असलेली आईही सकाळीच चिखलात उतरते आणि बाळ आजीजवळ किंवा मोठ्या बहिणीजवळ राहते. रोवणी संपली तरी हा प्रश्न संपत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला आई दिवस उजाडण्यापूर्वीच जंगलाकडे निघालेली असते.

आई नाही त्या पाच-सहा तासांत बाळाने काय प्यावे, एवढाच प्रश्न आज आपण विचारात घेणार आहोत. प्रश्न लहान दिसतो, पण पावसाळ्यात तान्ह्या बाळांना जी हगवण लागते तिचे मूळ पुष्कळदा याच पाच-सहा तासांत असते.

वरच्या दुधाची वाट

घडते ते असे. बाळ रडू लागले की आजी गाईच्या किंवा शेळीच्या दुधात पाणी घालून देते. दूध नसले तर साखरपाणी देते. हातात पैसा असला तर बाजारातून भुकटीचा डबा आणि रबरी बोंडाची बाटली येते. आजीच्या मायेत काही उणे नाही, उणे आहे ते पाण्यात आणि बाटलीत. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होते, माश्या वाढतात, बाटलीच्या बुडाशी व बोंडाच्या घडीत दुधाचा थर राहतो आणि तेथे जंतू वाढतात. डबा महाग म्हणून दोन चमच्यांच्या जागी एकच चमचा भुकटी पडते. बाळाचे पोट फुगते, पण अंगी काही लागत नाही.

दुसरे नुकसान आईच्या अंगी होते. गाय अर्धवट पिळली तर ती हळूहळू आटते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आईचेही तसेच आहे. जितके दूध बाहेर निघेल तितके नवे तयार होते. सहा तास छाती भरलेली राहिली तर शरीर समजते की एवढ्या दुधाची गरज नाही. मग पंधरा दिवसांत आई म्हणू लागते, "मला दूधच पुरत नाही." खरे म्हणजे दूध पुरत होते, ते काढले गेले नाही.

यावर उपाय घरातच आहे. आईने शेतावर जाण्यापूर्वी आपले दूध हाताने काढून, स्वच्छ भांड्यात झाकून ठेवावे आणि आजीने ते वाटी-चमच्याने पाजावे. याला खर्च जवळजवळ नाही. पण हे काम नियमाने केले पाहिजे.

शीवच्या रुग्णालयाचा धडा

आईचे दूध काढून साठवता येते हे कोणाला नवल वाटेल, म्हणून एक खरी हकिकत सांगतो. मुंबईस शीव येथे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. धारावीसारख्या दाट वस्तीतील गरीब कुटुंबांची बाळे तेथे येतात. तेथील नवजात बाळांच्या विभागाच्या डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली त्या रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडातील ही पहिली दुग्धपेढी मानली जाते. जगातील पहिली अशी पेढी १९०९ मध्ये व्हिएन्ना शहरात निघाली होती.

पेढीचे काम असे चालते. ज्या मातांना बाळाची गरज भागून दूध उरते त्या ते दान करतात. आधी त्यांच्या रक्ताची तपासणी होते. जमलेले दूध ६२.५ अंश उष्णतेवर ३० मिनिटे ठेवून लगेच थंड करतात, जंतूंची परीक्षा करतात आणि गोठवून ठेवतात. वेळेआधी जन्मलेली, वजनाने कमी असलेली, ज्यांची आई आजारी आहे किंवा दगावली आहे, अशा बाळांना ते दिले जाते. मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयानेही बाळासाठी अखेर आईच्या दुधाचाच आधार घेतला, हे आपण ध्यानात ठेवावे.

मात्र एक भेद स्पष्ट असावा. पेढीतील दूध दुसऱ्या आईचे असते, म्हणून त्याची तपासणी व तापवणी लागते. आपण घरी जे ठेवणार आहोत ते बाळाच्या स्वतःच्या आईचे दूध आहे. ते तापवावे लागत नाही. पण शेजारणीचे न तपासलेले दूध आपल्या बाळाला देऊ नये, कारण काही रोग दुधातून बाळाला होऊ शकतात.

दूध टिकते कसे?

गाईचे कच्चे दूध उन्हाळ्यात पाहता पाहता नासते, मग आईचे कसे टिकेल, असे कोणी विचारील. आईच्या दुधात जंतूंशी झगडणारी द्रव्ये व जिवंत पेशी असतात. त्या काही तास जंतूंची वाढ रोखून धरतात. म्हणूनच हे दूध उकळू नये. उकळल्याने ती रक्षक द्रव्ये व पेशी नष्ट होतात आणि दुधाचा गुण कमी होतो. गाईचे दूध आपण उकळतो ते जनावराच्या व गोठ्यातील रोगजंतूंच्या भीतीने. तो नियम येथे लावू नये.

ठेवलेल्या दुधावर साय वर येते आणि खाली निळसर पातळ दूध दिसते. ते नासलेले नाही. भांडे हलकेच गोल फिरवले की एकजीव होते. पहिल्या दिवसांतला चीक पिवळा व दाट असतो. वासराला गाईचा पहिला चीक मिळालाच पाहिजे, असे आपण म्हणतो. मग आपल्या बाळाचा चीक पिळून टाकणाऱ्या घरांना काय म्हणावे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत देशातील दर शंभर बाळांपैकी सुमारे ४२ बाळांनाच जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतले गेले, असे आढळले. सहा महिन्यांखालील शंभरातील ६४ बाळांना केवळ आईचे दूध मिळत होते. उरलेल्या बाळांच्या तोंडी पाणी, वरचे दूध किंवा आणखी काही गेले होते.

दूध काढण्याची रीत

बाजारात पंप मिळतात. रबरी फुग्याचा, सायकलच्या भोंग्यासारखा स्वस्त पंप घेऊ नये. त्याच्या फुग्यात दूध शिरते आणि तो आतून धुता येत नाही. चांगला पंप कोणी दिला तर वापरावा, पण त्याचे भाग प्रत्येक वेळी धुवावे लागतात. आपल्या घरी हातच उत्तम.

१. रुंद तोंडाची स्टीलची वाटी व झाकणाचा लहान डबा साबणाने धुऊन, पाण्यात बुडवून, पाण्याला उकळी फुटल्यावर दहा मिनिटे उकळावा. पदराने पुसू नये. स्वच्छ जाळीवर उपडा घालून वाळू द्यावा.

२. हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, नखे कापलेली असावीत. खर्रा घोटला असेल, गुडाखू लावली असेल किंवा शेतात औषध-खत हाताळले असेल तर आधी हात नीट धुऊन, औषध उडालेले लुगडे बदलून मगच बसावे. कीटकनाशकाची बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी दुधासाठी कधीही वापरू नये.

३. निवांत जागी बसावे, बाळाला जवळ घ्यावे किंवा त्याची आठवण करावी. छातीवर कोमट फडके ठेवून हलक्या हाताने चोळले तर पान्हा लवकर फुटतो. घाई आणि काळजी पान्ह्याला अडवते.

४. अंगठा वर आणि तर्जनी खाली, काळ्या वर्तुळाच्या कडेजवळ ठेवावी. आधी दोन्ही बोटे छातीकडे आत दाबावी, मग एकमेकींकडे दाबावी आणि सोडावी. दाबावे, सोडावे, असा क्रम चालू ठेवावा. बोंड ओढू नये, कातडीवर बोटे घासू नयेत. दुखले तर रीत चुकते आहे असे समजावे.

५. पहिली काही मिनिटे थेंबही येत नाही. धीर सोडू नये. धार मंद झाली की बोटे फिरवून दुसऱ्या बाजूने दाबावे. एका बाजूला तीन ते पाच मिनिटे, मग दुसऱ्या बाजूला, पुन्हा पहिल्या बाजूला, असे वीस ते तीस मिनिटे लागतात.

पहिल्या दिवशी चार-सहा चमचेच निघतील. तेवढ्याने निराश होऊ नये. रोवणीच्या आठवडाभर आधीपासून रोज सराव करावा. पहाटे छाती जास्त भरलेली असते. बाळ एका बाजूला पीत असता दुसऱ्या बाजूचे दूध काढणे सर्वांत सोपे, कारण तेव्हा पान्हा आपोआप फुटलेला असतो.

चार तासांचा हिशेब

किती काढावे? एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसरात्रीत साधारण ७५० मिलिलिटर दूध पिते. म्हणजे तासाला सुमारे ३० मिलिलिटर, मोठे दोन चमचे. आई चार तास बाहेर राहणार असेल तर १२० मिलिलिटर, म्हणजे लहान पेलाभर दूध पुरते. बाळाबाळात फरक असतो, हे आजीच्या चार दिवसांत लक्षात येते.

किती वेळ ठेवावे? खोली थंड असेल तर चार तास, हा नियम पाठ करावा. काही ठिकाणी सहा तासही सांगतात, पण ते फार स्वच्छ व थंड जागेसाठी धरावे. आपल्या कौलारू घरांत पावसाळ्यात चार तास हीच हद्द समजावी. मे महिन्यातील कडक उन्हाच्या दिवशी पहाटे काढलेले दूध बाळाच्या पहिल्याच भुकेला देऊन संपवावे, दुपारसाठी ठेवू नये.

डबा चुलीपासून व उन्हापासून दूर, अंधाऱ्या कोपऱ्यात, मुंग्या चढणार नाहीत असा पाण्याच्या परातीत ठेवावा. माठाशेजारी, ओल्या फडक्याने झाकून ठेवले तर थोडा गारवा राहतो. पण एक गोष्ट विसरू नये. माठ पाणी उडून जाते म्हणून गार होतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत हे चांगले चालते, श्रावणातील दमट हवेत माठ फारसा गार होत नाही. म्हणून ओल्या फडक्याच्या भरवशावर तास वाढवू नयेत.

रोवणीच्या दिवसाचा क्रम असा बसवता येईल. सकाळी सहाला बाळाला पाजावे. सातला दूध काढून झाकावे. आठला निघण्यापूर्वी पुन्हा अंगावर घ्यावे. दहा-साडेदहाला बाळ उठले की आजीने काढलेले दूध पाजावे, अकराच्या आत ते संपवावे. बाराला जेवणाच्या सुट्टीत आई घरी यावी किंवा कोणी बाळाला धुऱ्यावर घेऊन जावे. तेव्हा आईने हातपाय धुऊन बाळाला पोटभर पाजावे आणि दुपारसाठी पुन्हा थोडे काढून द्यावे. ते चारच्या आत संपवावे. संध्याकाळी व रात्री बाळ मागेल तितके अंगावरच पाजावे.

ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांनी डबा आतल्या बाजूस, मागे ठेवावा, दारात ठेवू नये. वीज सतत असेल आणि फ्रीज ४ अंशांवर असेल तर दूध चार दिवस राहते असे तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून २४ तासांत वापरून टाकावे. दूध संकलनावर जाणारा शेतकरी सकाळचे धारोष्ण दूध रात्रीच्या थंड दुधात ओतत नाही. येथेही तोच नियम. ताजे दूध आधी वेगळे थंड करावे, मगच जुन्यात मिसळावे, आणि वेळ जुन्या दुधाची धरावी.

पाजण्याची रीत

थंड दूध चुलीवर ठेवू नये. डबा कोमट पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ ठेवावा आणि दोन थेंब मनगटावर टाकून पाहावे. बाळाला मांडीवर जवळजवळ बसते करावे, डोक्याला आधार द्यावा. वाटीची कड खालच्या ओठाला टेकवावी. बाळ जिभेने दूध घेते. घशात ओतू नये, ठसका लागेल. जुन्या घरांत बोंडले असते, तेही चालते, पण ते उकळून घ्यावे. बाटली नको. बाटलीची सोपी धार लागली की बाळ छातीवर ओढण्याचा कंटाळा करू लागते.

वाटीत बाळाचे उष्टे राहिलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. म्हणून एकदम सारे न ओतता थोडे थोडे घ्यावे.

घरातील शंका

*उन्हातून, चिखलातून आलेल्या आईचे दूध बाधते का?* नाही. छातीतील दूध उन्हाने तापत नाही, कामाने नासत नाही. पहिली धार पिळून टाकण्याचे कारण नाही. आईने पाणी प्यावे, हात व छाती धुवावी आणि बाळाला घ्यावे.

*काढलेल्या दुधाला दृष्ट लागते का?* दुधाला लागतात त्या माश्या. झाकण घट्ट असले की पुरे.

*उन्हाळ्यात बाळाला तहान लागते, मग पाणी द्यावे ना?* सहा महिन्यांपर्यंत थेंबभरही नको. आईच्या दुधात शंभरात सुमारे ८७ भाग पाणीच असते. तहान लागली तर बाळ वारंवार पिते, तसे पाजावे.

*आईने मोहाची घेतली तर?* दारू दुधात उतरते. तान्ह्या बाळाच्या आईने ती दूरच ठेवावी.

*छातीत गाठ आली, ताप आला तर?* दूध साचल्याने असे होते. पाजणे किंवा काढणे थांबवू नये. एका दिवसात उतार पडला नाही तर आरोग्य केंद्रात जावे.

*एचआयव्ही, क्षयरोग असेल किंवा नेहमीचे औषध चालू असेल तर?* डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजणे बंदही करू नये आणि औषधही सोडू नये.

कमी वजनाचे बाळ

सर्वांत मोठी गरज कमी दिवसांच्या बाळाला असते. सुमारे चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला ओढणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ घालता येत नाही. असे बाळ बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात काचेच्या पेटीजवळ असते आणि आई बाहेर ओट्यावर बसून म्हणते, "ते पीतच नाही, मी काय करू?" तिने करण्याचे काम हेच. जन्मानंतर पहिल्या काही तासांतच दूध काढू लागावे आणि दर तीन तासांनी, रात्रीही, दिवसातून आठ वेळा काढावे. परिचारिका ते नळीने किंवा बोंडल्याने देतात. चार थेंब चीक निघाला तरी तो टाकू नये. त्या बाळाला ते चार थेंब औषधासारखे असतात. आईने महिनाभर असे केले तर बाळ ओढण्यास शिकते तेव्हा छातीत दूध असते. न केले तर बाळ वाचूनही डब्याच्या दुधावर जाते.

हे एकट्या आईचे काम नव्हे

१९६१ च्या कायद्याने नोकरी करणाऱ्या आईला बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामावर रोज दोनदा पाजण्याची सुट्टी दिली. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या डब्याच्या दुधाची व बाटलीची जाहिरात बंद केली आणि २००३ मध्ये तो कायदा अधिक कडक झाला. पण बांधीवर कोणी निरीक्षक येत नाही. तेथे कायदा घरच्यांनीच करायचा आहे.

सातच्या सुमारास आईला अर्धा तास मोकळा मिळायचा तर चूल, पाणी आणि गुरे दुसऱ्या कोणी पाहिली पाहिजेत. तो दुसरा बहुधा बाळाचा बाप असावा. भांडे उकळून ठेवणे हे काही केवळ बायकी काम नाही. ज्यांच्या बांधीवर बाहेरच्या बाया रोवणीला येतात त्यांनी लेकुरवाळीला दुपारी अर्धा तास जास्त द्यावा आणि त्याची मजुरी कापू नये. सासूबाईंनी डब्यावर वेळेची खूण ठेवावी. घड्याळ वाचता येत नसेल तर अकरा वाजता सावली कोठे येते ती जागा ओट्यावर खुणावावी.

जागतिक स्तनपान सप्ताह ऑगस्टच्या १ ते ७ तारखेला असतो आणि आपली रोवणी पुष्कळदा तेव्हाच चालू असते. त्या आठवड्यात आशाताई किंवा अंगणवाडीताई भेटली की तिला दूध काढण्याची रीत प्रत्यक्ष दाखवायला सांगावे. कागदावर वाचण्यापेक्षा ती पाहून लवकर कळते.

आणि शेवटी धोक्याच्या खुणा. बाळ पिणे सोडून सुस्त पडले, टाळू खोल गेली, लघवी कमी झाली, अंग तापले किंवा गार पडले, हगवणीत रक्त दिसले, तर झाडपाल्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा आणि वाटेतही आईने पाजणे चालू ठेवावे.

धानाचे पऱ्हे चार दिवस उशिरा लागले तर पीक थोडे उतरते. बाळाचे पहिले सहा महिने मात्र पुन्हा लावता येत नाहीत. या रोवणीत प्रत्येक लेकुरवाळ्या घरी एक झाकणाचा डबा उकळून तयार असावा.